जर्दाळूचा वास

बसमध्ये तो वास आला तेव्हा हिस्के चष्म्याच्या काड्यांचा विचार करत होती. सकाळपासून दुकानात एक गिऱ्हाईक काडी कानामागे टोचते म्हणून परत परत येत होतं. शेवटी तिच्या लक्षात आलं की काडीबिडी काही टोचत नाहीय, त्या माणसाला कुणाशी तरी चार शब्द बोलायचेत. आपण त्याला खुर्ची द्यायला हवी होती, असं ती मनाशी म्हणत होती. एवढ्यात बस थांबली, दार उघडलं, ऑक्टोबरची ओली हवा आत आली, दार मिटलं, आणि जर्दाळू. फळांच्या दुकानातला नव्हे. पिकून सालीला सुरकुत्या पडलेला, एका बाजूनं जरासा उतरलेला जर्दाळू. त्याच्या मागोमाग ओल्या देवदाराचा वास. आणि सगळ्यात शेवटी, वास संपला असं वाटतानाच, नाकाच्या मुळाशी पेट्रोलची एक पुसट झाक. हिस्केच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली. शेजारच्या बाईनं ती उचलून दिली आणि म्हणाली, "काय ही बस चालवतात हो, सारखे गचके." बसनं गचका दिलाच नव्हता.

हा वास जगात एकाच ठिकाणी होता. त्यांच्या घराच्या माळ्यावर, चंदेरी कागद डकवलेल्या खोलीत, आणि तिथे आता कपडे वाळत घालायची दोरी होती. म्हणजे हा वास जगात नव्हता. मेलेल्या माणसाचा आवाज भासतो म्हणतात, मग वासही भासत असेल, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. पण समोरच्या जागेवर एक पोरगा होता, विद्यार्थी असावा, त्यानंही नाक वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि तो गालात हसला. भास दोघांना एकदम होत नाहीत.

त्या वासाच्या झाडाला मावशी हे नाव तिच्या नवऱ्यानं, योरिटनं ठेवलं होतं. खरं तर गांजाच्या झाडांना लोक काय काय भारी नावं ठेवतात, वादळं, हिरे, राण्या. योरिट म्हणाला, ही आपली मावशी. जाड पायांची, उशिरा उठणारी, सगळ्यांना खाऊ घालणारी. तिचा बाप अफगाणी डोंगरातला, बुटका, रुंद पानांचा, कायम पेंगुळलेला. आई थायलंडकडची, शिडशिडीत, माळ्याच्या छताला डोकं लावणारी. त्या दोघांचं लावून दिलं तेव्हा योरिट आणि हिस्के तिशीत होते आणि त्यांना वाटत होतं की आपल्याला अजून पुष्कळ काही होईल. त्या बियांतून बरीच भावंडं उगवली. एकाला कांद्याचा वास, एकाला भिजलेल्या कुत्र्याचा, दोघांना कसलाच नाही. आणि कोपऱ्यातल्या एकीला जर्दाळूचा. हा जर्दाळू ना आईत होता ना बापात. कुठून आला कोण जाणे. योरिट रात्रंदिवस तिच्या पानांवर बोट घासून हुंगत बसायचा आणि म्हणायचा, "बघ गं, असं येतं. न मागता येतं." तिची आणखी एक खूण होती. पानाची बोटं जिथे एकत्र येतात, तिथे अगदी मध्यावर एक इवलंसं जादा पान उगवायचं, प्रत्येक पानावर. जाणकारांनी त्याला व्यंग म्हटलं असतं. योरिट त्याला मावशीची नथ म्हणायचा. कुठल्याशा चित्रात एका कोळिणीची नथ त्यानं लहानपणी पाहिली होती म्हणे.

असं झाड टिकवायचं म्हणजे त्याची फांदी तोडून लावायची. बी धरून उपयोग नाही. बी धरलं की पुन्हा सगळा गोतावळा, पुन्हा कांदा आणि कुत्रं. फांदी लावली की तीच मावशी पुन्हा कोवळी होऊन उभी राहते. ती म्हातारी होत नव्हती, मरत नव्हती. फक्त कुणीतरी तिची फांदी लावत राहायला हवी होती. रविवारी दुपारी दोघं खिडकीशी बसून तिचा एक झुरका घ्यायचे. आधी कपाळ मोकळं व्हायचं, खोलीतले रंग पुसून ठेवल्यासारखे दिसायचे, आणि योरिट बोलायला लागायचा. एरवी त्यांच्या ग्रोनिंगेन शहरातल्या पुरुषाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे काय ते तिथल्या बायकांनाच विचारा. पण मावशी आली की तो आपल्या बापाच्या मालवाहू होडीबद्दल बोलायचा, धुक्यात वाजणाऱ्या घंटेबद्दल, बापानं एकदाच कशी पाठीवरून हात फिरवला त्याबद्दल. मग हळूहळू पोटऱ्या जड व्हायच्या, वाक्य अर्ध्यात राहायचं, उगीच हसू यायचं, आणि भूक अशी लागायची की पावाबरोबर जुनं चीज अख्खं संपायचं. "दोन रक्तांचं झाड असं असतं," योरिट म्हणायचा. "आधी आई येऊन बोलते. मग बाप येऊन बसतो." हिस्केला त्यातला आईचा भाग आवडायचा. नवऱ्याशी तिचं खरं बोलणं झालं ते सगळं त्या अर्ध्या अर्ध्या तासांत झालं होतं, आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणूनच तिला मावशीची काळजी असायची. गांजा लावणाऱ्या लोकांत एक रीत आहे. घरात असं एखादं झाड असेल तर त्याची एक फांदी दुसऱ्याच्या घरी वाढवायला ठेवायची, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी तशी. कीड पडते, झाडावरचा दिवा जळून जातो, पोलीस येतात. एका घरातलं गेलं तर दुसऱ्या घरातलं राहतं. हिस्के कितीदा म्हणाली, लुबर्टकडे ठेवू या. लुबर्ट म्हणजे योरिटचा भाऊ, गावाबाहेर राहणारा, भरवशाचा. योरिट मान हलवायचा. "मावशी आपली. आपण आहोत तोवर ती. बाहेर गेली की ती कुणाचीही." एकदा तर भांडण ताटं आपटण्यापर्यंत गेलं. हिस्के म्हणाली, "तुझा हा हट्ट एक दिवस तिला मारणार." तो म्हणाला, "शपथ घेतो, या घराबाहेर मी एक पान जाऊ देणार नाही." वाळलेली फुलं अर्थात जायची, शहरातल्या एका कॉफीशॉपच्या, म्हणजे गांजा विकणाऱ्या दुकानाच्या, मागच्या दारानं, तिथे फळ्यावर खडूनं जर्दाळू असं लिहिलेलं असायचं. पण वाळलेल्या फुलाला मुळं फुटत नाहीत. जिवंत फांदी त्यानं कुणाला दिली नाही. निदान तो तसं म्हणाला होता.

मग तो आजारी पडला आणि पानगळीत गेला, आणि मावशीला मारलं ते हिस्केनं. हट्टानं नाही, भीतीनं. घर एका गृहसंस्थेकडून भाड्यानं घेतलेलं. पुढच्या वसंतात त्यांचा फोन आला, उद्या प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा बसवायला माणूस येईल, माळ्यावरही. या देशात गांजा पुढच्या दारानं विकायला मुभा आहे आणि पिकवायला नाही, आणि दिव्याखालचं एक झाड सापडलं तरी भाडेकरूला घराबाहेर काढतात. योरिट असता तर दारात उभा राहून म्हणाला असता, आज जमत नाही, पुढच्या आठवड्यात या. एवढंच म्हणायचं होतं. हिस्केला ते सुचलंच नाही. एकटी बाई, तिनं कात्री घेतली आणि मावशी बुडापासून कापली, तिच्या सगळ्या कोवळ्या लेकीही कापल्या, पिशव्यांत कोंबल्या, वर उकळतं पाणी ओतलं, कारण तिला त्या जिवंत सापडायला नको होत्या. दुसऱ्या दिवशी एक हसतमुख माणूस आला, छताला पांढरी डबी चिकटवली, कॉफी घेतली, बरोबर एक बिस्कीट घेतलं, आणि माळ्यावर चढायच्या आधीच म्हणाला, "वर नको हो बाई, तिथे कुणी झोपत नाही ना? मग सोडा." हिस्के त्यावर हसली होती. मग रात्रीपर्यंत तिला उलट्या होत राहिल्या.

आता बस कालव्यावरून जात होती आणि वास येत होता तो पुढच्या जागेवरच्या एका म्हातारीच्या चाकाच्या पिशवीतून. तांबडी चौकड्यांची पिशवी, वर कोबीची पानं. हिस्केनं हात पुढे केला आणि मागे घेतला. काय विचारणार? अहो, तुमच्या पिशवीत माझी मावशी आहे का? म्हातारी ऊस्टरपार्कच्या थांब्यावर उतरली, हिस्केही उतरली, थोडी मागे चालली, आणि मग एकाएकी थांबली. कारण तिला कळून चुकलं होतं. वास खरा असेल तर मावशी जिवंत आहे, म्हणजे आपण तिला मारलं नाही. आणि मावशी जिवंत असेल तर योरिटनं फांदी बाहेर दिली होती. डोळ्यांत डोळे घालून शपथ घेतली आणि दिली. कधी? कुणाला? ती तिथेच एका घराच्या पायरीवर बसली. म्हातारी कोपऱ्यावरून वळून गेली.

तो आठवडा हिस्केचा कसा गेला ते तिलाच ठाऊक. गेली दोन वर्षं ती घरात एक अक्षर बोलत नव्हती, रेडिओसुद्धा लावत नव्हती. आता ती भांडी घासताना योरिटशी बोलू लागली. "गुरुवारी मासे धरायला जायचास ना? आणि एक मासा कधी घरी आला नाही. मला वाटायचं सोडून देतोस. मूर्ख मी." जिना चढताना थांबून म्हणायची, "लुबर्टला नाही, मला नाही, मग कुणाला रे?" लुबर्टला तिनं फोन केला, सहज केल्यासारखा. लुबर्ट म्हणाला, "मला? मला तर त्यानं फूलसुद्धा फुकट दिलं नाही, चिक्कू कुठला." मग म्हणाला, "हिस्के, बरी आहेस ना? आवाज वेगळा येतोय." आवाज वेगळा येत होता हे खरं. गाल तापलेले असायचे. दुकानात तिनं एका माणसाला जवळचा चष्मा म्हणून लांबचा दिला. रात्री अंथरुणात ती कूस बदलून त्याच्या बाजूला तोंड करायची आणि भांडायची. बाई असेल का कुणी? असू दे, बाई असेल तर असू दे, पण मग रविवारचं बोलणंही तिच्याशी होत असेल का? होडीचं, घंटेचं? आणि लगेच दुसरा विचार यायचा, त्याहून वाईट, कारण तो गोड होता: त्यानं फांदी दुसरीकडे ठेवली म्हणजे आपलं ऐकलं. एवढी ताटं आपटली ती वाया गेली नाहीत. तोंडानं नाही म्हणाला आणि गुपचूप आपल्या मनासारखं केलं. मग सांगितलं का नाही? आपल्याला माहीत नसलं तर पोलीस आपल्याकडून काही काढू शकणार नाहीत म्हणून? की नुसता पुरुषी ताठा? सांग ना. ती उठून बसायची, दिवा लावायची. आजवर त्याच्या उशीकडे बघवत नव्हतं, आता ती उशीवर बुक्की मारत होती. आणि सकाळी तिला भूक लागायची. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा लागत होती.

रोज त्याच वेळेची तीच बस ती धरू लागली. एक दिवस ती चौकड्यांची पिशवी पुन्हा दिसली. हिस्के सरळ शेजारी जाऊन बसली.

"मोई," ती म्हणाली. तिकडे येतानाही हेच म्हणतात आणि जातानाही हेच.

"मोई," म्हातारी म्हणाली. "बाकीच्या जागा रिकाम्या आहेत हं."

"तुमच्या पिशवीत काय आहे, बाई?"

"कोबी. आणि तुला काय करायचंय?"

"कोबीखाली?"

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोलीस असशील तर बूट चुकीचे घातलेस. माझं नाव आफ्के, वय अठ्ठ्याहत्तर, खुबा धातूचा, आणि दुसरा खुबा डॉक्टर करून देत नाहीत. त्यांच्या गोळ्यांनी मला बद्धकोष्ठ होतं. याच्यानं झोप लागते. आता सांग, माझ्यावर खटला भरणार?"

"नाही हो. वास ओळखीचा वाटला."

"छान आहे ना?" आफ्केबाईंचा चेहरा एकदम खुलला. "मी बहिणीला म्हटलं, गांजा म्हणून नाही, मुरंबा म्हणून खपेल."

"कुठून आणता?"

"आणते कशाला? लावते. बागेत, काचघरात. टोमॅटोंच्या मागे." त्या जरा वाकल्या. "अजून एक झाड उभं आहे. थंडी पडायच्या आत कापायचं म्हणतेय, पण पाय कुठे ऐकतो. तुला कात्री चालवता येते?"

येते, हिस्के म्हणाली.

शहराबाहेर कालव्याच्या कडेला लोकांनी भाज्यांसाठी घेतलेले जमिनीचे लहान लहान तुकडे होते, प्रत्येकात एक लाकडी खोपटं. आफ्केबाई पुढे, चाकाची पिशवी चिखलातून ओढत, "इथे सांभाळ, इथे माझी मागच्या वर्षी फजिती झाली," असं सांगत, हिस्के मागे. ती मनात वाक्य जुळवत होती. मी योरिटची बायको. नाही, आधी त्यांनाच नाव घेऊ द्यावं. नाव त्यांच्या तोंडून आलं की आपण काय करायचं? रडायचं की त्यांच्या थोबाडीत मारायची? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या? तिला हसू आलं. मग वाटलं, नको, मागं फिरावं, आत्ता आहे ते असू द्यावं. आठवडाभर घरात कुणीतरी होतं, भांडायला का होईना. पण काचघराचं दार उघडलं होतं आणि वास अंगावर आला होता. जर्दाळू, देवदार. तिनं डोळे मिटले. आणि ती थांबून राहिली. पेट्रोलची झाक यायची वाट बघत राहिली. वास संपला. मग पुन्हा आत ओढला. तिथे लिंबाच्या सालीसारखं काहीतरी होतं, स्वच्छ, कुणाच्याही स्वयंपाकघरात असावं तसं. त्या दिवशीचं पेट्रोल बसचंच असणार.

टोमॅटोच्या सुकलेल्या वेलांमागे झाड उभं होतं. चांगलं होतं, निरोगी, काठीला बांधलेलं, कणसं जड झालेली, टोकांना थंडीनं जांभळट छटा चढलेली. हिस्केनं एक पान उलटं केलं, मग सुलटं. दुसरं पाहिलं. वरचं पाहिलं, बुडाकडचं पाहिलं. बोटं जिथे एकत्र येतात तिथे काही नव्हतं. ती एक एक पान बघत राहिली, केसांत उवा शोधाव्या तशी, आणि आफ्केबाई कात्री हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या.

"कीड आहे का गं?"

"नाही. याचं बी कुठून मिळालं?"

"दुकानातून. बियांच्या. मी म्हटलं, मला फळाचा वास येणारं काहीतरी द्या, तो उग्र वास मला नको. त्या मुलीनं सतरा पाकिटं पुढे टाकली. आंबा, पीच, स्ट्रॉबेरी, काय नाही ते. मी जर्दाळू घेतलं."

सतरा पाकिटं. हिस्केला वाटलं होतं जगात एकच आहे. योरिटलाही वाटलं होतं. आता कुठल्याही म्हातारीच्या टोमॅटोंमागे जर्दाळू उगवत होता, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. मावशी मेली होती. तिच्यावर उकळतं पाणी हिस्केनंच ओतलं होतं. आणि योरिट खोटं बोलला नव्हता. गुरुवारी तो मासेच धरायला जात होता आणि सोडून देत होता. त्यानं तिचं ऐकलंही नव्हतं आणि तिला फसवलंही नव्हतं. तो नुसता मेला होता. हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं, त्याला पुरताना चर्चमागच्या ओल्या गवतात उभी होती तेव्हा, पण तेव्हा ते इतकं सपाट कळलं नव्हतं. आठवडाभराचं भांडण तिच्या अंगातून उतरून गेलं आणि तिला थंडी वाजू लागली.

"बस जरा," आफ्केबाई म्हणाल्या आणि त्यांनी उलटी बादली पुढे सरकवली.

हिस्के बसली नाही. "नीट आठवून बघा," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला लाज वाटली, पण ती थांबली नाही. "पाकिटातलंच नक्की? कुणी फांदी आणून दिली नाही? कुंडीत लावलेली, एवढीशी? एक माणूस. आजारी दिसत असेल. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी. इथेच कुठेतरी कालव्यावर मासे धरायला यायचा. एकदाही नाही आला? एकदासुद्धा?"

"अगं, पाकीट इथेच त्या..." आफ्केबाईंनी फळीकडे हात नेला. मग त्यांनी हिस्केकडे पाहिलं. हात फळीवरच राहिला. काचेवर पावसाचे बारीक थेंब वाजत होते. मग आफ्केबाईंनी हात खाली घेतला आणि कोटाला पुसला.

"थांब हं," त्या म्हणाल्या. "माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. एक माणूस आला होता खरा."

"कधी?"

"तू म्हणतेस त्याच सुमारास."

"काय म्हणाला?"

"फार काही बोलला नाही. आपल्याकडचे पुरुष कधी बोलतात? सांभाळा म्हणाला. घरी ठेवायची भीती वाटते म्हणाला. बायकोचा जीव आहे हिच्यावर, असं काहीतरी म्हणाला."

हिस्केनं बादलीची कड धरली आणि ती हळूच खाली बसली. "दिसायला कसा होता?"

आफ्केबाई विचारात पडल्या. बाहेर बघितलं, छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"उंच होता," त्या म्हणाल्या. "चांगला उंच. या दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं."

योरिट हिस्केच्या कानापर्यंतसुद्धा पोचत नसे. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं त्याला पायरीवर उभं केलं होतं. या दारातून तो टोपी घालूनही ताठ आत आला असता.

"हो," हिस्के म्हणाली. "तोच."